न विरघळलेली गार

आण्याच्या पठारावर मुलगी बघायला निघालेल्या मुलांना तालुक्यात एक सल्ला फुकट मिळायचा. हवालदार सावळारामाच्या घरी जाणार असशील तर बूट घालून जा. चपलेवर भागणार नाही.

कारण सावळाराम पत्रिका बघत नसे, गोल्फ खेळून बघे.

फौजेतली पहिली वर्षं त्यानं तोफखान्यात काढली, त्यात डावा कान गेला. मग उरलेल्या कानासकट त्याला छावणीच्या गोल्फच्या मैदानावर नेमलं. तिथं त्यानं गवत राखलं, झेंड्या रोवल्या, आणि मोठमोठे साहेब झाडामागं एकटे असताना स्वतःच्या चेंडूशी कसे वागतात ते गपचूप पाहिलं. "हातात बंदूक असली की समदेच शूर," तो म्हणायचा. "मानूस कळतो चेंडू झुडपात गेल्यावर."

निवृत्तीला एका साहेबानं त्याला जुन्या काठ्यांची पिशवी, चेंडूंचं गाठोडं आणि नियमांचं पुस्तक दिलं. बाकीचे फौजी पेन्शनीत म्हैस घेतात. सावळारामानं गावच्या गायरानात सहा खड्डे घेतले. खड्ड्यांत तुपाचे रिकामे डबे पुरले, भोवती हिरवळीऐवजी वाळूत जळकं ऑइल कालवून पसरलं आणि झेंड्यांना बायकोच्या जुन्या लुगड्यांचे तुकडे बांधले. गावाला वाटलं सरकारी मोजणी चाललीय, म्हणून कुणी काही उपटलं नाही. हा खेळ आहे हे कळेपर्यंत शेळ्यांना त्याची सवय झाली होती.

पुढं पोरगी लग्नाची झाली, तेव्हा हवालदारानं जाहीर केलं की येईल त्या मुलाशी आपण एक डाव खेळणार. ओतूरहून आलेल्या पहिल्या मुलाचा बूट चेंडूला चुकून लागला आणि चेंडू चुकून चरातून वर आला. त्याला पोहे देऊन वाटेला लावलं. दुसरा गुरांचा डॉक्टर होता. त्याचा चेंडू काट्यात हरवला आणि थोड्या वेळानं बाभळीखाली सापडला, फक्त दुसऱ्या कंपनीचा. त्याला पोहेही मिळाले नाहीत.

तिसरा ऋषी.

ऋषी डिंगोऱ्याचा. जुन्नरच्या बाजारपेठेतल्या एका गल्लीत, भांड्यांच्या दुकानावर कॉम्प्युटरचा क्लास होता, तिथं तो शिकवायचा. साल दोन हजार चार. सरकारी नोकरीला लागतं म्हणून अख्खा तालुका तेव्हा एमएस-सीआयटी करत होता, ज्यांना नोकरी लागायची शक्यता नव्हती तेसुद्धा. हवालदाराची श्रेया एसटीनं आण्याहून यायची. माऊस कसा धरायचा हे तिला पहिल्याच दिवशी समजलं होतं, तरी तिनं ते महिनाभर विचारलं. ऋषीनंही महिनाभर सांगितलं. दोघांचं जमलं ते असं. मागणी घालायची वेळ आली तेव्हा मात्र तिनं त्याला खाली बसवलं.

"खेळता येतं काही?"

"विटीदांडू."

"त्यानं फरक पडत नाही. बाबांना जिंकणारा नकोच आहे. जिंकणारे त्यांनी लई पाहिलेत." तिनं कॉम्प्युटरवर पेंट उघडलं, हिरवं मैदान काढलं, त्यावर एक ठिपका दिला. "हा चेंडू. जिथं पडला तिथूनच मारायचा. चिखलात पडू दे, शेणात पडू दे. बदलायचा नाही."

"कधीच नाही?"

"चिरला, फुटला, तर बदलता येतो. पण आधी समोरच्याला सांगायचं, जागेवर खूण करायची, त्याला बघू द्यायचं. हात लावायचा तो मग. नुसता रंग उडाला, ओरखडा आला, तर नाही."

"कुत्र्यानं पळवला तर?"

"मग माफ. होता त्याच जागी परत ठेवायचा. लगेच परत मिळण्यासारखा नसला तर दुसरा ठेवायचा. दंड नाही."

"आणि माझ्या हातनं हरवला तर?"

"दंड. पुन्हा मागं जाऊन मारायचा."

"हे बरंय. कुत्र्याला माफ आणि मला दंड."

"कुत्र्याला नियम माहीत नसतात," श्रेया म्हणाली. "तुला असतात."

ऋषीनं ते पाठ केलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्याला असा नियम सांगत होतं ज्यात हुशारीला मार्क नव्हते, नुसतं तोंड उघडून आधी सांगायचं होतं. एवढं आपल्याला जमेल असं त्याला वाटलं.

एप्रिलमधल्या एका शनिवारी दुपारी डाव लागला. हवालदार खाकी हाफपँट, पांढरे मोजे आणि डोक्यावर टोपी अशा वेशात हजर होता. त्यानं ऋषीला लाल ठिपक्याचे दोन चेंडू दिले, एक खेळायला आणि एक खिशात ठेवायला. स्वतःकडं निळ्या ठिपक्याचे घेतले. "खिशातला निघायच्या आधी तोंडातनं शब्द निघाला पायजे," तो म्हणाला. "बाकी तुमी मुक्त."

ऋषीनं पहिला टोला हाणला. चेंडू जागेवर राहिला आणि पठाराचा एक तुकडा नगर जिल्ह्याच्या दिशेनं उडाला. हवालदारानं तो तुकडा आणून परत बसवला आणि पायानं दाबला. दुसऱ्या टोल्याला ऋषी स्वतःभोवती पूर्ण फिरला. तिसऱ्याला चेंडू निघाला, पण मागं. हवालदार प्रत्येक वेळी गंभीरपणे "एक", "दोन", "तीन" म्हणत होता. वीस झाल्यावर तो हिंदीत मोजू लागला.

चौथ्या खड्ड्याशी मात्र चमत्कार झाला. ऋषीचा टोला बसला. चेंडू उठला, सरळ गेला आणि लांबच्या बाभळीजवळ उतरला. दोघंही बघत राहिले. तेवढ्यात नारायणगावच्या बाजूनं आभाळ काळं झालं, वीज कडाडली, आणि टपोऱ्या गारा पडू लागल्या.

"खेळ स्थगित," हवालदार ओरडला. "इजेला नियम लागू नसत्यात."

"चेंडू उचलू?"

"उचला न्हाईतर ऱ्हाऊ द्या, नियमात दोनी बसतं. उद्या सकाळी तिथनंच पुढं."

न उचललेला बरा, असं ऋषीनं ठरवलं. हात लावला नाही तर चूक तरी होणार नाही. डोक्यावर गोल्फची पिशवी धरून दोघं गावाकडं पळाले.

मुक्काम चांगदेवाकडं होता. चांगदेव गावातला किराणा दुकानदार, ऋषीचा लांबचा पाहुणा. सकाळी ऋषी उठला तेव्हा चांगदेव घरात नव्हता, दुकान बंद होतं आणि दुकानातले सगळे नारळ गायब होते. ऋषीला त्यात आपला काही संबंध दिसला नाही. बूट घालून तो पठारावर गेला.

बाभळीजवळ रांग लागली होती.

बायका, बाप्ये, पोरं, दोन मोटरसायकली आणि एक ट्रॅक्टर. रांगेच्या तोंडाशी सपाट दगड होता, दगडावर दोन पानं, पानांवर शेंदरानं माखलेली एक गोल, गुळगुळीत नसलेली, अंगभर बारीक खळगे असलेली वस्तू. समोर फोडलेल्या नारळांची रास. बाजूला पोत्यावर चांगदेव उरलेले नारळ घेऊन बसला होता.

"काय झालं?" ऋषीनं त्याला विचारलं.

"गार हाय," चांगदेव म्हणाला. "कालच्यातली. बाकीच्या समद्या विरघळल्या, ही विरघळंना. देवी हाय. गारमाता म्हनायचं ठरलंय."

ऋषीनं ती अंगभर खळग्यांची देवी पाहिली. शेंदराखाली एका ठिकाणी लाल ठिपका असणार, हे त्या रांगेत फक्त त्याला ठाऊक होतं.

दगडाशेजारी म्हातारी धोंडाबाई मांडी घालून बसली होती. पठारावर शेळ्या राखणारी. येणाऱ्या प्रत्येकाला ती कालची हकिकत सांगत होती, आणि सांगताना दर वेळी तिचे डोळे भरत होते. काल ती याच बाभळीखाली अडकली होती. रानातच व्यालेली शेळी, ओली करडं पदराखाली, डोक्यावर घमेलं. "घमेल्यावर आसा ताशा वाजत व्हता की मला माझंच रडनं आयकू येईना. म्हनलं, बये, माझं काय न्हाई, मी पिकलं पान. ह्यांनी आजूक दूधबी पेलं न्हाई. ह्यांना सोड. आन् थांबलं, बाबा. म्हनलं तसं थांबलं." करडं तिथंच होती. एक नारळाची शेंडी चघळत होतं.

चांगदेवानं ऋषीला बाजूला ओढलं. "पावणं, तुमचा चेंडू कुठं पडलाय?"

ऋषीनं नुसतं देवीकडं पाहिलं. चांगदेव दुकानदार होता, माणसाची नजर कुठल्या बरणीवर आहे ते त्याला न बोलता कळायचं.

"आता तोंड बंद," चांगदेव हळूच म्हणाला. "खिशात दुसरा हाय ना? लाल ठिपक्याचाच? त्या करवंदीपाशी टाका, म्हना हा बघा सापडला. हवालदार आजून बांधापल्याड हाय. कुनाचं काय जातंय? म्हातारी खूश, देवी खूश, पोरगी तुमची."

"आणि तुमचे नारळ?"

"तेबी खूश."

ऋषीचा हात खिशात गेला. चेंडू हाताला लागला, गार आणि टणक. करवंदीची जाळी चार पावलांवर होती. हे खोटंही नव्हतं म्हणायला. चेंडू लालच ठिपक्याचा, जागाही जवळचीच. आणि खरं बोलायचं म्हणजे काय करायचं? रांगेसमोर उभं राहून सांगायचं की आजी, तुम्ही जिच्यासमोर रडताय ती रबराची आहे, हवालदाराच्या गाठोड्यातली? मुलगी मिळण्यासाठी म्हातारीचं मन मोडायचं? बरं, शेंदूर पुसून तोच चेंडू मारायचा म्हटलं तर या रांगेनं त्यालाच नगर जिल्ह्याच्या दिशेनं पाठवलं असतं.

बांधावर हवालदाराची टोपी दिसली. ऋषीनं हात खिशातून बाहेर काढला. रिकामा.

धोंडाबाईचं मन मोडायचं नाही आणि हवालदारापासून लपवायचं नाही, याला त्याच्या डोक्यात एकच तोड निघाली. हळू आवाजात सांगायचं. तो हवालदाराला सामोरा गेला आणि अगदी कानाशी लागून म्हणाला, "हवालदारसाहेब, माझा चेंडू मी ओळखलाय. तो तिथं दगडावर आहे. मला तो उचलायचा नाही. दुसरा ठेवायची परवानगी पाहिजे."

घाईत त्यानं कान डावा निवडला; अर्धेमुर्धे शब्द आणि दगडाकडं केलेलं बोट तेवढं पोचलं.

"काय?" हवालदार तोफखान्यातल्या आवाजात म्हणाला. "देवी तुमचा चेंडू हाय?"

ट्रॅक्टरवाल्यानं ट्रॅक्टर बंद केला. चांगदेवानं पोत्यावर पदर घालावा तसा टॉवेल घातला. रांग वळून ऋषीकडं बघू लागली, आणि ऋषीला वाटलं की मुलगी गेली, म्हातारीचा देव गेला, आणि आता आपलाही नंबर आहे.

धोंडाबाईनं डोळे पुसले.

"मग?" ती म्हणाली. "मला काय दिसत न्हाई व्हय? तुज्या गोळ्या माज्या शेळ्यांच्या तोंडातनं काढून काढून माजी बोटं झिजली, सावळा. मी वळखायची न्हाई?"

"म्हंजी तुला म्हाईत व्हतं?"

"समदं म्हाईत व्हतं. गार ह्यांनी म्हनलं." तिनं रांगेकडं हनुवटी केली. "मी कवा म्हनलं? गारा थांबल्या, घमेलं काढलं, करडं जित्ती. म्हनलं आता कुनाच्या पाया पडू? देऊळ गावात, मी हितं. आवतीभवती बघितलं तर समदं पानी पानी, आन् त्यात ही येकटी जशीच्या तशी बसलेली. आभार मानायचं तर म्होरं कायतरी लागतंय का न्हाई? हवेला का हात जोडायचं? मग धुतली, पुसली, पिशवीत मारुतीला न्यायला शेंदूर व्हता त्यो लावला. आता ती गोळी न्हाई. कालपत्तूर व्हती."

रांगेत जरा कुजबुज झाली. मग ट्रॅक्टरवाला म्हणाला, "गनपतीबी शाडूचाच असतो की," आणि ट्रॅक्टर सुरू केला. रांग पुढं सरकली. चांगदेवानं टॉवेल काढला.

हवालदार मात्र अडकला होता. धर्माचा प्रश्न मिटला होता, खेळाचा मिटला नव्हता. त्यानं पिशवीतून पुस्तक काढलं, चष्मा लावला आणि देवीसमोर उकिडवा बसला. लोकांना वाटलं पोथी लावली, म्हणून दोन बायका खाली बसल्या.

"चिरलाय का?" त्यानं स्वतःलाच विचारलं. "न्हाई. फुटलाय? न्हाई. शेंदूर म्हंजी रंग. रंगानं चेंडू बाद होत न्हाई. म्हंजी हाच मारायला पायजे."

"कशानं?" धोंडाबाई म्हणाली.

हवालदारानं हातातली लोखंडी काठी पाठीमागं घेतली. "थांब जरा. धोंडे, तू धुताना उचलली व्हतीस?"

"न उचलता कशी धुनार?"

"आन् हितंच ठिवली?"

"ह्या दगडावर. व्हती तिथं सराट्याचं काटं व्हतं. देवीला काट्यात बसवू व्हय? तिकडं बघ, त्यो खळगा."

हवालदाराचा चेहरा उजळला. त्यानं पुस्तकाचं पान उलटलं आणि उभा राहिला. "ऐका," तो म्हणाला, आणि सगळे ऐकू लागले. "थांबलेला चेंडू तिसऱ्याच कुनी हलवला तर खेळाडूला दंड न्हाई. धोंडाबाई डावात न्हाई, म्हंजी ती तिसरी. चेंडू मूळ जागी परत ठेवायचा. चेंडू लगीच परत मिळत नसंल तर दुसरा चालतो." त्यानं चष्म्यावरून देवीकडं पाहिलं. "देव झालेली वस्तू लगीच परत मिळत न्हाई. पावणं, खिशातला काढा. दंड न्हाई."

"म्हणजे कुत्र्याचा नियम," ऋषी नकळत म्हणाला.

"कोन कुत्रं?" धोंडाबाईनं विचारलं.

"काही नाही, आजी," ऋषी म्हणाला, आणि आयुष्यात इतक्या मनापासून त्यानं कुणालाच 'आजी' म्हटलं नव्हतं.

त्यानं खिशातला चेंडू काढला, हवालदाराला दाखवला आणि सराट्याच्या काट्यांत, खळग्यात ठेवला. देवी एका पावलावर. काठी फिरवली तर देवीलाच लागायची. धोंडाबाई उठली. तिनं देवीला पदरात घेतलं आणि करडांशेजारी जाऊन उभी राहिली. रांगही तिच्यामागं गेली. ऋषीनं डोळे मिटले आणि टोला हाणला. चेंडू काट्यांतून कसाबसा निघाला आणि हातभर पुढं जाऊन थांबला. देवी हलवण्याच्या विधीचा हाही भाग असावा असं समजून सगळ्यांनी हात जोडले.

"इकसठ," हवालदार शांतपणे म्हणाला.

डाव ऋषी हरला. किती फरकानं हरला ते हवालदारानं कधी सांगितलं नाही. मोजता मोजता मी हिंदी संपवून पंजाबीपर्यंत गेलो, एवढंच तो म्हणायचा. घरी पोचल्यावर त्यानं बूट काढले आणि आत आवाज दिला, "पोहे टाका. आन् गोडाचंबी बघा कायतरी." माजघराच्या दारात श्रेया उभी होती. तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, पण तिनं चहा दिला तेव्हा कपाखाली बशी धरायला विसरली.

लग्नपत्रिकेवर सगळ्यात वर कुलदैवताचं नाव असतं. ऋषीच्या पत्रिकेवर त्याखाली आणखी एक ओळ होती, श्री गारमाता प्रसन्न. डिंगोऱ्याच्या भावकीनं विचारलं, हे कुठलं दैवत. ऋषीनं सांगितलं, बायकोकडचं. धोंडाबाईला लुगडं गेलं ते मामीच्या आधी. त्यावरून मामी दोन वर्षं बोलत नव्हती.

पुढं बाभळीखाली चार विटांचं देऊळ झालं. दर वर्षी शेंदराचा थर चढत गेला आणि गारमाता नारळाएवढी झाली. आता तिच्यात चेंडू आहे म्हटलं तर शेळीसुद्धा विश्वास ठेवणार नाही. हवालदारानं मैदानाला एक स्थानिक नियम जोडला आणि पत्र्यावर रंगवून लावला: देवळाच्या आवारात चेंडू गेल्यास खेळाडूनं पाया पडावं, बाहेर दुसरा चेंडू ठेवावा, दंड नाही. पठारावर गोल्फ खेळणारी माणसं दोनच, सासरा आणि जावई. ऋषीचे निम्मे टोले त्या आवारात जातात. हवालदाराला संशय आहे, पण पुरावा नाही.

आणि दर एप्रिलला, आभाळ भरून आलं की ऋषी जुन्नरहून मोटरसायकलवर येतो, चांगदेवाकडून नारळ घेतो आणि बाभळीखाली जातो. धोंडाबाई तिथं असते. तेव्हाची करडं आता आज्या झाल्यात. तो नारळ फोडतो. मग देवीला शेंदूर लावायच्या आधी जरा थांबतो आणि मोठ्यानं म्हणतो, "हात लावतोय हो."

"लाव की," धोंडाबाई म्हणते. "दर साली काय इचारतोस?"